पेढ्याची चौकशी झाली, पगारपत्रकाची नाही

नमस्कार मंडळी,

"तुम्ही ख्रिश्चन लोक फार प्रामाणिक असता हो." अन्नपूर्णा भागात चाळीस वर्षं राहतेय. हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही, आणि हिशेब ठेवणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा होता. भाजीवाला म्हणतो, बँकेतली मुलगी म्हणते, समोरच्या काकू तर नवीन बिऱ्हाडाशी माझी ओळखच अशी करून देतात. चांगल्या मनानं म्हणतात, म्हणून आजवर काही बोलले नाही. आता रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. या ग्रुपवर सगळे आपापल्या समाजाच्या आठवणी लिहिताहेत, मोठ्या गोड लिहिताहेत. मी जरा कडू लिहिते. चालवून घ्या.

या कौतुकाचं मूळ मला माहीत आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं 1877 मध्ये इंदूरला आली. 1887 मध्ये क्रिश्चन कॉलेज निघालं, दवाखाने निघाले. तिथल्या नर्सा, मास्तर, कंपाउंडर यांनी मोजून काम केलं. माझे आजोबा नगरहून इंदूरला आले ते कंपाउंडर म्हणूनच. औषध थेंबानं मोजायचं आणि पैसे आण्यानं, एवढंच त्यांना येत होतं. त्या पिढीनं जी पत कमावली ती बँकेतल्या मुदत ठेवीसारखी आहे. आमच्या दोन पिढ्या नुसतं व्याज खाताहेत. मुद्दलात भर कुणी घातली का, हे विचारायला गेलं की मंडळीत चेहरे उतरतात. (आमच्याकडे 'मंडळी' म्हणजे चर्चची सभासद माणसं, वर नमस्कार केला तो तुम्हा सगळ्यांना.)

आणि या पतीचा उपयोग कुणाला होतो तेही सांगते.

1996 साल. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मी हिशेब विभागात होते. नाव लिहीत नाही, मालक आता हयात नाहीत. पॅकिंगला साठेक बायका होत्या, बहुतेक झाबुआ-निमाडकडून आलेल्या. पगारपत्रकावर रक्कम सरकारी किमान वेतनाची, पुढे रेव्हेन्यूचं तिकीट, त्यावर अंगठा. हातात मात्र तीनातले दोन भाग. उरलेला एक भाग ठेकेदाराच्या पिशवीतून परत वरच्या मजल्यावर. पत्रक तयार करणारा मुलगा नोकरी सोडून गेला, तेव्हा 'तयार करणार' या रकान्यात माझी सही हवी झाली. मी नाही म्हटलं. मालकांनी बोलावून घेतलं, चहा मागवला, आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "मैडम, आप तो चर्च जाती हैं. आपकी साइन पर तो लेबर इंस्पेक्टर भी शक नहीं करेगा."

कळलं ना? माझ्या प्रामाणिकपणाची त्या माणसाला पूर्ण खात्री होती, आणि म्हणूनच त्याला ती खोट्या कागदावर हवी होती. आजोबांनी थेंब मोजून कमावलेली पत त्याला त्या बायकांच्या अंगठ्यावर झाकण म्हणून वापरायची होती. तेव्हापासून हे कौतुक ऐकलं की मला आधी तो चहाचा कप दिसतो.

सही केली नाही. माझी बदली स्टोअरमध्ये झाली, नटबोल्ट मोजायला. तीन वर्षं इन्क्रिमेंट नाही. मुलगा तेव्हा दहावीत होता, तर घरी काय झालं असेल ते ज्यांनी घर चालवलंय त्यांना सांगायला नको.

पण आमच्या ऑफिसात मोठी हिंमत केली ती मी नव्हे. लोकमान्य नगरात राहणारे आमचे हेडक्लार्क होते. कपाळाला गंध, दर शुक्रवारी ऑफिसला यायच्या आधी अन्नपूर्णेचं दर्शन, दुपारी डब्याबरोबर प्रसाद सगळ्यांना, मलाही. रिटायर व्हायला त्यांना दोन वर्षं उरली होती. त्यांनी पत्रकाच्या ऑफिस-प्रतीवर लाल शाईनं लिहिलं: वाटलेली रक्कम आणि पत्रक जुळत नाही. खाली पूर्ण सही, तारीख. एका ओळीचे त्यांना काय पडले? ग्रॅच्युइटी अडली. दीड वर्ष ते रीगलपासून सांवेर रोडपर्यंत टेंपोनं खेटे घालत होते. माझं निदान टेबल बदललं, त्यांच्या तर म्हातारपणाच्या पैशाशी गाठ होती. तेव्हा 'तुम्ही ख्रिश्चन लोक' या वाक्यातला 'तुम्ही' मला मान्यच नाही. माझ्या पाहण्यातला सगळ्यात सरळ माणूस मला प्रसाद देणारा होता.

आणि त्या बायकांना पूर्ण पगार मिळाला का? नाही. पुढच्या महिन्यापासून पत्रक ठेकेदाराच्या ऑफिसात बनू लागलं. गोष्ट गोड व्हावी म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

आता आमच्या मंडळीकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

बदली झाल्याचं कळलं तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. स्वतः सरकारी नोकरीत, खुर्ची चांगली. म्हणाले, प्रभूनं आपल्याला सापासारखं चतुर राहायला सांगितलंय. (त्याच वाक्यात कबुतरासारखं निरुपद्रवी राहायलाही सांगितलंय. कबुतर आमच्याकडे नेहमीच वाक्याच्या मध्यावर उडून जातं.) आणि त्याच महिन्यात बायकांच्या सभेत मला काय विचारलं गेलं? "दिवाळीला ऑफिसात वहीपूजन झालं, तेव्हा पेढा घेतलास का गं?"

साठ बायकांच्या पगाराबद्दल एकीनंही विचारलं नाही. पेढ्याची चौकशी पाऊण तास चालली.

हे तेव्हाचंच आहे असं समजू नका. आजही तरुणांची सभा झाली की 'कामाच्या ठिकाणी विश्वास कसा जगायचा' या विषयावर वक्ता बोलवतात, आणि प्रश्न ठरलेले. दसऱ्याला मशीनची पूजा असते, उभं राहायचं की नाही? आरतीचं ताट पुढे आलं तर? गणपतीची वर्गणी द्यायची का? टेबलावर क्रूस ठेवावा का? डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना केली तर लोक हसतील का? मुलं मनापासून विचारतात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण ती मुलं आयटीत आहेत, औषध कंपन्यांत आहेत, पीथमपुरात सुपरवायझर आहेत. डॉक्टरला कंपनीच्या पैशानं परदेशवारी घडवायची की नाही, न केलेल्या तासांचं बिल ग्राहकाला लावायचं की नाही, ठेक्याच्या पोरांकडून बारा तास काम घेऊन हजेरी आठची मांडायची की नाही, हे त्यांच्या पुढ्यात रोज येतं. ते विचारायची सोयच आपण ठेवलेली नाही. पेढ्याचं उत्तर सोपं असतं, दोन्ही बाजूंनी सोपं. पगारपत्रकाचं उत्तर दिलं की नोकरी जाते.

पवित्र शास्त्रात याचा निकाल एकाच अध्यायात लागलेला आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय. ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, गोष्ट फार सुंदर आहे.

अरामचा सेनापती नामान. अंगावर कोड. इस्राएलातला संदेष्टा अलीशा त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला लावतो, कोड जातं. नामान भेट देऊ करतो, अलीशा घेत नाही. मग तो परका सेनापती एक अडचण सांगतो. ती शुद्ध नोकरीतली अडचण आहे. म्हणतो, यापुढे मी तुमच्या देवाचाच, पण माझा राजा रिम्मोनच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो. तो वाकला की मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशा काय म्हणतो? रागावत नाही, अटी घालत नाही. शांतीनं जा म्हणतो.

इथपर्यंत ऐकून आमचे काही लोक चुळबुळतात. पण अध्याय संपलेला नाही. अलीशाचा नोकर गेहजी हे सगळं बघत असतो. फुकट औषध दिलं, हे त्याला सोसत नाही. तो नामानाच्या रथामागे धावतो आणि सांगतो की धन्याकडे दोन गरजू तरुण आलेत, त्यांच्यासाठी एक किक्कार रुपं आणि दोन पोशाख द्या. नामान बिचारा दोन किक्कार देतो. गेहजी ते घरात लपवतो आणि साळसूदपणे धन्यापुढे येऊन उभा राहतो. आणि नामानाचं कोड त्याला लागतं. बर्फासारखा पांढरा होऊन तो बाहेर पडतो.

म्हणजे देवळात वाकायला लागणाऱ्या नोकराला सूट, आणि धर्माचं नाव सांगून पाकीट घेणाऱ्या नोकराला कोड. एकाच अध्यायात, आठ-नऊ ओवींच्या अंतरात. आमच्याकडे नामानावर प्रवचन होतं ते बुडीपाशी संपतं. गेहजीवर प्रवचन मी गेल्या तीस वर्षांत एकदा ऐकलं, तेही बाहेरगावच्या पाळकांचं.

कुणी म्हणेल, पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचं काय? मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल तिथे बरंच लिहिलंय. लिहिलंय की! ते मी बाजूला सारत नाही. ज्याचं मन घेत नाही त्यानं पेढा घेऊ नये, हात जोडून 'नको' म्हणावं. इंदूरच्या माणसाला त्याचा राग येत नाही, तो तुम्हाला शेव-कचोरी आणून देईल. पण पौलाचा सगळा रोख दुसऱ्या माणसाच्या मनाला ठेच लागू नये यावर आहे. आता सांगा, साठ बायकांपैकी कुणाच्या मनाला ठेच लागली असती? माझ्या पेढ्यानं, की माझ्या सहीनं?

अन्नपूर्णा म्हणजे अन्न पुरवणारी. तिच्या देवळाच्या सावलीत आम्ही राहतो, जुन्या दारावरचे ते मोठे हत्ती बघत माझी मुलं मोठी झाली. 1959 मध्ये बांधलेलं ते देऊळ या भागाचं नावच होऊन बसलं. मी तिथे पूजेला जात नाही, शेजाऱ्यांना ते ठाऊक आहे, त्यावरून चाळीस वर्षांत एक शब्द झाला नाही. पण दुसऱ्याच्या ताटातलं अन्न कमी करून आपण प्रसाद टाळला म्हणून पवित्र झालो, असं म्हणायची सोय मला तरी कुठे सापडत नाही.

आपल्या लोकांना रेव्हरंड टिळकांचा अभिमान आहे, आणि तो असावाच. घरी आम्ही अजून त्यांची भजनं म्हणतो. चर्चमध्ये सगळं हिंदीत चालतं, त्यामुळे मराठी तेवढ्यापुरतं जिवंत राहिलंय. नाशिकच्या, नागपूरच्या, इंदूरच्या मराठी घरांत लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आहेत. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती शाळा-कॉलेजात वाचली असतील. त्यामुळे टिळक म्हटलं की 1895 चा बाप्तिस्मा आठवतो, आणि मागे राहिलेली लक्ष्मीबाई. पण मला विचाराल तर त्यांचं नोकरीतलं मोठं पाऊल नंतरचं आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला. मिशन वाईट होतं म्हणून नव्हे; पगारी उपदेशक राहून आपल्या लोकांशी मोकळं बोलता येत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. वय पन्नाशीच्या पुढे, तब्येत तोळामासा. दोन वर्षांत, मे 1919 मध्ये, ते गेले. पगार बंद झाल्यावर घरात काय होतं ते मला स्टोअरमधल्या तीन वर्षांनी थोडंफार शिकवलं होतं. म्हणून ती ओळ वाचताना मी थांबते. आमच्याकडे टिळक जयंतीला भजनस्पर्धा होते. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा देतात. पगार सोडल्याचा विषय निघत नाही.

बरं, मोठ्या माणसांचं राहू द्या. आपल्या हातातला विषय घेऊ.

आपल्या समाजातल्या माणसांनी काढलेल्या शाळा आहेत, नर्सिंग होम आहेत. सगळ्या वाईट नाहीत, काही उत्तम आहेत. पण या शहरात मी हिशेबाचं काम फावल्या वेळातही केलंय, आणि मला ठाऊक आहे की पूर्ण पगारावर सही घेऊन शिक्षिकेकडून काही रक्कम रोख परत घ्यायची, हा प्रकार धर्म बघून होत नाही. एका ठिकाणी तर सकाळी प्रार्थना, मग वचनाचं वाचन आणि मग तो लिफाफा परत. नाव घेणार नाही. त्या शिक्षिका अजून तिथेच आहेत, नाव घेतलं तर पहिली गदा त्यांच्यावर येईल.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे. नव्या करारात याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, आणि ती ओरड वर पोचते, अशा अर्थाचं वचन आहे. इंदूरच्या माणसाला हे वचन समजवावं लागू नये. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी राहिली. कोर्ट, लिक्विडेटर, तारखा. आणि पैसे मंजूर होऊन कार्यक्रम झाला तो कोणत्या दिवशी? 25 डिसेंबर 2023. नाताळच्या दिवशी. सुमारे 4,800 कामगारांचे 224 कोटी रुपये. बत्तीस वर्षं! किती जण वाट बघत गेले, किती बायका विधवा म्हणून रांगेत उभ्या राहिल्या. त्या दिवशी चर्चमध्ये नाताळची भक्ती झाली, केक झाला, मुलांचं गोठ्याचं नाटक झालं. याकोबाचं पत्र काढून वाचायला याहून बरा दिवस इंदूरला कधी मिळाला असता?

आपण बत्तीस वर्षं नाही, बत्तीस दिवस अडवतो, एवढाच फरक. घरकामाच्या बाईचा पगार "बेटा बाहर गया है, सोमवार को ले जाना." नाताळात पाहुणे तिप्पट, भांडी तिप्पट, आणि तिला केकचा तुकडा. किशोरकुमार क्रिश्चन कॉलेजात शिकत असताना कँटीनवाल्याचे पावणेसहा रुपये उधार राहिले आणि त्याचं पुढे गाणं झालं, ही गोष्ट इंदूरला कोण सांगत नाही? आम्ही सगळे कौतुकानं सांगतो, भिया. त्या कँटीनवाल्याला पैसे मिळाले का, हे मी विचारलं की लोक म्हणतात, तू ना, राहिलीस ती अकाउंटंटच.

एका बाबतीत मात्र आमच्या लोकांचा आवाज एकदम चढतो. एखादा गरीब घरातला मुलगा चर्चला येतो आणि नोकरीच्या कागदावर हिंदू, अनुसूचित जाती लिहितो, हे कळलं की खोटेपणा, ढोंग, दोन नावांचा माणूस! खोटं ते खोटंच, मी त्याला लिही असं सांगणार नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही, मनात श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म सांगणं ही घटनेची फसवणूक आहे, असं म्हटलं. ठीक. पण त्या पोराला त्या कोपऱ्यात कुणी ढकललं तेही सांगा. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींमधून इतर धर्म वगळले. शिखांना 1956 मध्ये घेतलं, बौद्धांना 1990 मध्ये. ख्रिस्ती अजून बाहेर. जात मात्र कुणाची बाहेर गेली नाही. आमच्याच लग्नांच्या जाहिराती वाचा. त्या पोराचं खोटं पाच मिनिटांत सापडतं आणि त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवायची भाषा होते. आणि लिफाफा परत घेणारे गृहस्थ? ते नाताळच्या कार्यक्रमात दीप लावतात, कारण त्यांनी हॉलला पंखे दिलेत. मला त्या पोराशेजारी बसायला आवडेल.

"अहो, पण दिवस कसे आहेत, बघताय ना?" हे उत्तर मला नेहमी मिळतं. खरं आहे, दिवस सोपे नाहीत. मध्यप्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मध्ये नवा आणि कडक आला. ऑफिसात कुणी आजारी असलं आणि 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन' म्हटलं, तरी आजूबाजूला बघून म्हणावं लागतं. ही भीती मला कळते, मी ती कमी लेखत नाही. माझ्या मुलाला ती माझ्याहून जास्त कळते. पण भीतीचं कारण सांगून आपण नेमकं काय झाकतो? आमच्याकडे विश्वास बोलून दाखवण्याला 'साक्ष देणं' म्हणतात. साक्ष तोंडानं देता येत नाही, म्हणून हळहळ. अहो, साक्षीदार म्हणजे मराठीत कागदाच्या खाली सही करणारा माणूस. ती साक्ष द्यायला कुठल्या कायद्यानं अडवलंय? हजेरी खरी मांडायला, बिल खरं लावायला, पगार सात तारखेच्या आत द्यायला कलेक्टरची परवानगी लागत नाही. तिथे आपण गप्प बसलो ते कायद्याच्या भीतीनं नाही. ते इन्क्रिमेंटच्या भीतीनं.

इंदूरपासून फार लांब नाही, देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे सिस्टर राणी मारिया काम करायच्या. केरळच्या, कॅथलिक. आमच्या चर्चमध्ये त्यांचं नाव फारसं निघत नाही, कारण आम्ही प्रोटेस्टंट. हाही आमचा एक शहाणपणा. त्या भूमिहीन मजुरांना सरकारी योजना समजावून द्यायच्या, बँकेचं कर्ज मिळवून द्यायच्या. लोकांना व्याज मोजता यायला लागलं आणि ते गावातल्या जमीनदार-सावकारांना खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येत असताना बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. माझं पगारपत्रकाचं प्रकरण झालं ते त्याच्या पुढच्या वर्षी. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरातच त्यांना 'धन्य' घोषित केलं, हजारो लोक आले होते. मीही गेले होते, मागे उभी होते. भाषणांत प्रेम आणि क्षमा पुष्कळ होती, आणि क्षमेची गोष्ट खरीच मोठी आहे. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली. पण व्याजाचा हिशेब कानावर पडला नाही. त्या बाईंचा जीव तर त्यातच गेला होता.

आता कुणी विचारेल, एवढं बोलतेस, मग करतेस काय? विचारलंच पाहिजे.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. जमाखर्च दरवर्षी वाचून दाखवतात: दशमांश इतका, नाताळची वर्गणी इतकी, रंगरंगोटी इतकी. 'कर्मचारी' म्हणून एकच आकडा असतो आणि तो झरकन पुढे सरकतो. मी लेखी पत्र दिलंय. सफाईवाला, चौकीदार, माळी आणि बालवाडीच्या दोन बाई, या पाच जणांना दरमहा हातात किती रक्कम मिळते, सरकारी किमान वेतन किती आहे, भविष्यनिर्वाह निधी लागू आहे का आणि असला तर भरला जातो का, हे सभेपुढे ठेवावं. सोबत त्यांच्या सहीची बारा महिन्यांची पत्रकं असावीत आणि सभा चालू असताना ते पाचही जण हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले असावेत, चहा देत फिरू नयेत.

सेक्रेटरींनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "ताई, हे घरातल्या घरात बोललो असतो." मी म्हटलं, घरातलंच आहे, म्हणून तर लिहून दिलंय. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली आहे, तारखेसकट.